‘यातायात’ या शब्दाच्या कसोटीवर : शिकागो विद्यापीठाच्या मराठी कोशसेवेचे परीक्षण

शब्दकोशाची परीक्षा अवघड शब्दाने घेण्याचा मोह होतो. पण अवघड शब्द बहुतेक कोशांत नीट दिलेला असतो, कारण कोशकाराने त्याच्यावर मुद्दाम मेहनत घेतलेली असते. कोशाचा खरा कस लागतो तो सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाने, ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे अशी प्रत्येकाची खात्री असते आणि म्हणूनच जो कोशात पाहायला कोणी जात नाही. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचा जो मोठा संग्रह आंतरजालावर विनामूल्य खुला ठेवला आहे, त्यातील मराठी विभाग तपासून पाहताना म्हणूनच ‘यातायात’ हा शब्द निवडला. एखादे क्षुल्लक काम करून घेण्यासाठी चार ठिकाणी जावे लागले, तिथून परत पाठवले गेले, पुन्हा जावे लागले, की मराठी माणूस हमखास हाच शब्द उच्चारतो. जे घडले ते दुःख नव्हे, संकटही नव्हे, पण त्याने जीव मेटाकुटीला आणला, एवढा नेमका अर्थ त्यात भरलेला असतो. हा अर्थ त्या शब्दात आला कुठून, याचे उत्तर ही सेवा देते का आणि कितपत सहजपणे देते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

प्रथम सेवेचे स्वरूप. शिकागो विद्यापीठाने नवा मराठी कोश रचलेला नाही. छापील रूपात मान्यता पावलेले जुने कोश संगणकावर शब्दशः उतरवून, त्यांत शोध घेता येईल अशी सोय केली आहे. मराठीपुरते बोलायचे तर जेम्स टॉमस मोल्सवर्थ याच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची वाढवलेली दुसरी आवृत्ती तेथे आहे; य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध केलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे, वझे यांचा १९११ सालचा शालेय कोश आहे, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. आणि मॅक्सिन बर्नसन यांचा अलीकडचा, शिकणाऱ्यांसाठी केलेला कोशही आहे. यांखेरीज राल्फ टर्नर याचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश त्याच छताखाली मिळतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो या सगळ्यांचा कणा आहे, आणि त्याच्याकडे पुढे वळायचेच आहे. नाव नोंदवावे लागत नाही, मध्येच जाहिराती उपटत नाहीत. शब्द देवनागरीत लिहावा आणि नोंद वाचावी, इतका साधा व्यवहार आहे.

मोल्सवर्थची नोंद कशी दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला देवनागरीत मुख्य शब्द, लगेच त्याचे रोमन लिप्यंतर, मग लिंग सांगणारे एक अक्षर आणि त्याच्या शेजारी मूळ भाषा सांगणारे दुसरे अक्षर: संस्कृतासाठी एक, फारसीसाठी एक, अरबीसाठी एक, हिंदुस्तानीसाठी एक. त्यानंतर इंग्रजीतून अर्थ, आधी मूळचा आणि मग लक्षणेने आलेला, आणि पुष्कळदा त्या शब्दाभोवती जमलेले वाक्प्रचार. छापील ग्रंथातील पृष्ठांकही नोंदीसोबत मिळतो, म्हणजे ज्याच्या घरी पुण्याहून १९७५ साली निघालेले पुनर्मुद्रण असेल त्याला पान उघडून ताडता येते. ही दोन इवलीशी अक्षरे, लिंगाचे आणि मूळ भाषेचे, घाईत वाचणारा ओलांडून जातो. ‘यातायात’च्या बाबतीत मात्र अर्धे गुपित त्यांच्यातच आहे.

मूळ भाषा संस्कृत. ‘या’ म्हणजे जाणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘यात’, म्हणजे गेलेला. आणि ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आयात’, म्हणजे आलेला. दोन्ही जोडले की ‘यातायात’: जाणे आणि येणे. परदेशातून येणाऱ्या मालाला आपण ‘आयात’ म्हणतो तोच हा शब्द, पण ‘यातायात’मध्ये तो दडून बसला आहे हे चटकन लक्षात येत नाही. मुळात या जोडशब्दात थकव्याचा मागमूसही नाही. कोणी तरी गेले आणि आले, एवढेच तो सांगतो. संस्कृतात तो नपुंसकलिंगी आहे. मराठीत तो स्त्रीलिंगी झाला, ‘केवढी यातायात’, आणि घर बदलता बदलता स्वभावही बदलला.

या ठिकाणी शिकागोच्या संग्रहाचा असा एक फायदा समोर येतो, जो एकेकटा कोश हाताशी ठेवून मिळत नाही. त्याच संग्रहात बंगाली, हिंदी आणि नेपाळी कोश आहेत. तोच शब्द तेथे नेऊन पाहावा. बंगालीत ‘यातायात’ म्हणजे निव्वळ जाणे-येणे. रोज कामावर जाऊन परत येणाऱ्याच्या प्रवासालाही बंगाली माणूस कुरकुरीचा सूर न लावता हाच शब्द वापरतो. हिंदीत आणि नेपाळीत तो वाहतुकीचा शब्द झाला, रस्त्यावरच्या फलकांवर आणि सरकारी खात्यांच्या नावांत जाऊन बसला. एकट्या मराठीने त्यातली गती बाजूला सारून त्यातला त्रास ठेवून घेतला. फोनवरील एका भाषांतर-अ‍ॅपने ‘फार यातायात झाली’ या वाक्याचा अर्थ ‘खूप रहदारी झाली’ असा करून दाखवला, तो याच गफलतीमुळे. हिंदीचा अर्थ मराठीवर डकवला, की असले विनोद घडतात, आणि हल्ली ते वरचेवर घडू लागले आहेत.

मराठीतच असे का झाले? जाण्यायेण्याचा शब्द त्रासाचा होण्यासाठी मधली एक पायरी लागते, आणि ती मला धार्मिक वापरात दिसते. जन्माला येणे आणि मरून जाणे, पुन्हा येणे, पुन्हा जाणे, या फेऱ्यासाठी आपल्याकडे जाण्यायेण्याचीच भाषा रूढ आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात २१व्या श्लोकात स्वर्गसुखाच्या कामनेने यज्ञ करणाऱ्यांना ‘गतागत’ लाभते असे म्हटले आहे. ‘गतागत’ ही ‘यातायात’ची सख्खी बहीण, घडणही तीच, फक्त धातू वेगळा. दत्ताच्या आरतीतला ‘जन्ममरणाचा फेरा’ आणि कीर्तनांतली ‘येरझार’ हीदेखील त्याच घराण्यातली. जे चुकवायचे, ज्यातून सुटायचे, ते जाणे-येणे. म्हणजे शब्दाला नकोसेपणा तिथेच चिकटला. पुढे तो संसारातल्या किरकोळ हेलपाट्यांना लावला गेला, तेव्हा नकोसेपणा तेवढा शिल्लक राहिला आणि मोक्षाचा संदर्भ गळून पडला. दाते-कर्वे यांच्या कोशात नोंदीतील लाक्षणिक अर्थासमोर ‘ल.’ ही खूण असते आणि चौकटी कंसात व्युत्पत्ती असते. मूळ अर्थ आणि रूढ अर्थ यांच्यामधले अंतर त्या खुणेने मोजता येते, आणि ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, दासबोध यांतील उतारे दिलेले असले की ते अंतर कोणत्या काळात कापले गेले याचाही अंदाज बांधता येतो.

आणखी एक शक्यता आहे, आणि तिचा निकाल लावताना दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवता येणे फार उपयोगी पडते. ‘यातायात’ हा ‘यातना’चाच कोणी नातलग असावा, असे बोलणाऱ्याला वाटते. तसे नाते नाही. ‘यातना’ हा ‘यत्’ धातूपासून आलेला शब्द, ‘यातायात’ ‘या’ धातूपासूनचा. अक्षरे जुळली तरी गोत्र वेगळे. असे असूनही कानाला मात्र दोघे भाऊ वाटतात, आणि भाषा कानानेच चालते. ‘यातायात’ला मराठीत जो कण्हण्याचा सूर लागला आहे, त्यात शेजारच्या ‘यातने’चा वाटा असणार, असे माझे मत आहे.

आता टर्नरचा कोश. त्याची रचना वेगळी: संस्कृत किंवा अनुमानाने उभे केलेले प्राचीन रूप शीर्षस्थानी, आणि त्याखाली पाली, प्राकृत, सिंधी, पंजाबी, बंगाली, गुजराती, मराठी अशी एकेका भाषेतील संतती. १९६२ ते १९६६ या काळात तो बाहेर पडला आणि त्यात १४ हजारांहून अधिक शीर्षनोंदी आहेत. ‘यातायात’ शोधायला मात्र तेथे जाण्यात अर्थ नाही, कारण हा कोश तद्भव शब्दांचा आहे. लोकांच्या तोंडून झिजत झिजत आलेले शब्द त्यात आहेत, पंडितांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले नाहीत. हे न जाणता तिथे शब्द टाकणारा ‘सापडत नाही’ म्हणून सेवेला बोल लावील, आणि तो बोल अनाठायी ठरेल.

परंतु त्याच कोशात ‘थकणे’ पाहावा. त्याचे मूळ ‘स्थक्क्’ अशा अनुमानित रूपापाशी नेले आहे, अर्थ थांबणे. प्राकृतात ‘थक्कइ’ म्हणजे थांबतो, राहतो. बंगालीतील ‘थाका’ म्हणजे राहणे, वास्तव्य करणे, हे त्याच मुळाचे. त्यात थकवा अजिबात नाही. मराठी आणि हिंदीत मात्र थांबणाऱ्याच्या थांबण्याचे कारण शब्दात शिरले आणि ‘थकणे’ म्हणजे दमून थांबणे, मग नुसतेच दमणे, असा प्रवास झाला. जुना अर्थ मराठीतून गेलेला नाही, फक्त दुसऱ्या खोलीत राहायला गेला आहे: ‘थक्क होणे’ म्हणजे जागच्या जागी खिळून उभे राहणे. ‘थकलो’ आणि ‘थक्क झालो’ ही एकाच घरातली आहेत हे कळल्यावर रोजच्या बोलण्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. ‘थकला-भागला’मधील दुसरा जोडीदार ‘भग्न’ या संस्कृत शब्दापासून, प्राकृत ‘भग्ग’च्या वाटेने आलेला, म्हणजे भागलेला माणूस मुळात मोडलेला माणूस. ‘खेप’ ही ‘क्षेप’पासूनची, म्हणजे फेकणे. आणि ‘हेलपाटा’तील ‘हेल’ म्हणजे वाहून न्यायचे ओझे, ज्यावरून ओझेवाल्याला ‘हेलकरी’ म्हणत. हेलपाटा घालणाऱ्याच्या डोक्यावर आज ओझे नसते, पण शब्दाने ते अजून खाली ठेवलेले नाही.

दुसऱ्या प्रकारची परीक्षा ‘सव्यापसव्य’ या शब्दाने घेतली. फॉर्म भरा, छायाप्रत काढा, सही आणा, मग कळते की सहीचा नमुना बदलला आहे, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. या प्रकाराला मराठीत याहून चपखल नाव नाही. ‘सव्य’ म्हणजे डावा आणि ‘अपसव्य’ त्याच्या उलट, एवढ्यावर कोश थांबला तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. अर्थ उलगडतो तो विधी समोर आणल्यावर. देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे असते, ते सव्य; पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घेऊन डाव्या कुशीकडे सोडतात, ते अपसव्य. श्राद्धात विश्वेदेवही असतात आणि पितरही, त्यामुळे यजमानाला एकाचा उपचार झाला की जानवे फिरवावे लागते, दुसऱ्याचा झाला की पुन्हा फिरवावे लागते, आणि पुरोहित ‘सव्य’, ‘अपसव्य’ असे सांगत राहतो. कोणतीच एक क्रिया कठीण नाही, फिरवाफिरवीच थकवते. विधी ठाऊक असलेल्या समाजासाठी लिहिलेल्या कोशात असले स्पष्टीकरण त्रोटक राहिले तरी चालून जात असे. मोल्सवर्थला परभाषी वाचकाला समजवायचे होते, म्हणून त्याच्या कोशात रूढी आणि व्यवहार सविस्तर सांगण्याची वृत्ती जागोजाग दिसते. परक्यासाठी लिहिलेला कोश आज आपल्याच उपयोगी पडतो, कारण त्या रूढींपासून आता आपणही दूर आलो आहोत. ‘द्राविडी प्राणायाम’चे तसेच: नाक समोरून धरण्याऐवजी हात डोक्यामागून फिरवून धरणे, एवढे चित्र कळले की पुरे.

‘दिव्य’ हा शब्द मात्र थोडा वेळ मागतो. ‘त्या मुलाखतीला जाणे म्हणजे एक दिव्यच होते’ असे म्हणताना आपण न्यायालयीन परिभाषा बोलत असतो. साक्षी-पुरावा नसेल तेथे आरोपीच्या सत्यतेचा निवाडा दैवी कौलावर सोपवावा, अशी धर्मशास्त्राची पद्धत होती, आणि अशा कौलाला दिव्य म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश (येथे शब्दकोश नव्हे, तर देवमूर्तीला स्नान घातलेले पाणी पिणे) अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. इतरत्र ही संख्या नऊपर्यंत जाते. त्यांतील तप्तमाष म्हणजे तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढणे. मराठी अमदानीत त्यालाच रवा काढणे म्हणत, आणि वतनाच्या भांडणांत असे निवाडे झाल्याचे कागद उपलब्ध आहेत. हात पिशवीत घालून मोहोरबंद करायचा आणि काही काळाने उघडून भाजल्याच्या खुणा पाहायच्या, हा त्यातला व्यवहारी भाग. १८५७ची आवृत्ती या प्रथांच्या आठवणी पुरत्या विझण्याआधीची आहे, हे तिच्या बाजूने मोठे बलस्थान आहे. आणि मग मूळ भाषेच्या अक्षरावर बोट ठेवून ‘मेहनत’ पाहावा: अरबीतील ‘मिह्ना’ म्हणजे परीक्षा, कसोटी, संकट; फारसीतून तो कष्ट या अर्थाने आपल्याकडे आला. संस्कृताच्या बाजूने दिव्य आणि अरबीच्या बाजूने मेहनत, दोघांचा उगम कसोटीत, हे साम्य दोन्ही नोंदी पाहिल्याशिवाय ध्यानात आले नसते.

आता उणिवांकडे, ज्यांतील बऱ्याचशा सेवेच्या नसून मूळ ग्रंथांच्या वयाच्या आहेत. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत, आणि ते इंग्रजीही १९व्या शतकातले, लॅटिनचा भरणा असलेले. मराठी शब्दाचा अर्थ पाहून मग त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ पाहावा लागणे ही या सेवेच्या वाचकाला ठरलेली यातायात आहे. दाते-कर्वे मराठीत आहेत, पण शुद्धलेखन १९६२च्या नियमांपूर्वीचे, त्यामुळे क्रियापदे ‘करणें’, ‘थकणें’ अशी सानुस्वार छापलेली; आजच्या सवयीने अनुस्वार न देता शोधणाऱ्याने नोंद नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी अनुस्वार देऊन पाहावे. त्याच कोशातील ग्रंथनामांचे संक्षेप, ‘ज्ञा.’, ‘एभा.’, ‘तुगा.’, ओळखीचे होईपर्यंत चाचपडायला होते. टर्नरचा कोश रोमन लिपीत, स्वरांवर आडव्या रेघा आणि व्यंजनांखाली टिंबे देऊन छापलेला आहे. नवख्याने त्यात शीर्षशब्दाऐवजी मजकुरात शोध घ्यावा, म्हणजे मराठी रूपावरून मूळापर्यंत पोहोचता येते. प्रत्येक कोशाचे पान स्वतंत्र असल्याने एका शब्दासाठी चार-पाच खिडक्या उघड्या ठेवणे सोयीचे पडते.

नव्या शब्दांची अपेक्षा या संग्रहाकडून करू नये. हल्ली तरुण मंडळी ‘यातायात’च्या जागी सरसकट ‘हेक्टिक’ म्हणतात. तो शब्द येथील मराठी कोशांत शोधून उपयोग नाही, त्यासाठी इंग्रजी कोशच हवा, आणि तेथे कळते की मूळच्या ग्रीकातून येताना तो क्षयरोग्याच्या सततच्या तापाचे विशेषण होता आणि धावपळीचा अर्थ त्याला २०व्या शतकात लागला. ‘फार हेक्टिक गेला आठवडा’ म्हणणाऱ्याला आपण ताप आल्याचे सांगतो आहोत याची कल्पना नसते, आणि असण्याची गरजही नाही.

शाळा-महाविद्यालयात मराठी शिकवणारे, भाषांतर करणारे आणि वर्तमानपत्रांत लिहिणारे यांनी ही सेवा वापरण्यास हरकत नाही असे म्हणणे कोतेपणाचे होईल; त्यांनी ती रोज उघडी ठेवावी. केवळ शब्दाचा अर्थ हवा असणाऱ्याला बर्नसन यांचा कोश पुरे, तो सुटसुटीत आहे. व्युत्पत्तीची गोडी असणाऱ्याने दाते-कर्वे आणि टर्नर ही जोडी धरावी, तत्सम शब्दासाठी पहिला आणि तद्भवासाठी दुसरा, आणि यादवकालापर्यंत मागे जायचे असेल तेव्हा तुळपुळे-फेल्डहाउस. याच्या जोडीला कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ टेबलावर असावा, कारण पडद्यावर मिळालेल्या मूळाला तो कुठे दुजोरा देतो आणि कुठे वेगळी वाट दाखवतो, हे पाहिल्याशिवाय कोणतीही व्युत्पत्ती लिहिण्यात वापरू नये.